लिलीचा दुसरा दांडा

"तुझी ही लिली वर्षातून एकदा फुलते, आणि बाकीचं वर्ष नुसतं गवत. गवतासाठी कुणी एवढी जागा अडवतं का?" असं माझा मुलगा जेवताना म्हणाला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

जागा कुठली ते आधी सांगते. आमचं घर चौलला, एका बोळात. बोळ असा की दोन्ही बाजूंना दगडी गडगे, एक गाडी कशीबशी जाते, आणि आमच्या पुढे शेजारणीचं घर लागलं की बोळ संपला. आमच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला विहिरीपर्यंत एक लांबट पट्टा आहे. तिथे पूर्वी पोफळी होत्या, इतक्या दाट की भर दुपारी खाली ओल असायची. ते मोठं वादळ आलं तेव्हा सगळ्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. रडून झालं, खोडं उचलून झाली, आणि मग एक दिवस बघते तर त्या जागेत ऊन. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथे मी ऊन पाहिलं नव्हतं. माझ्या मनात फुलं आली. मुलाच्या मनात गाड्या आल्या.

त्याचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. सुनेने मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. तिच्या हाताला चव आहे, तिच्या पापलेटाच्या कालवणासाठी मुंबई-पुण्याची माणसं परत परत येतात. पण येतात ती गाड्या घेऊन, आणि गाड्या लावतात बोळात. शेजारणीला रस्ता उरत नाही. तिचा मुलगा न्हावाशेव्याला ट्रेलर चालवतो, तो आठवड्यातून एखादा दिवस घरी. बाकी वेळ ती आणि तिचा म्हातारा सासरा, त्याला दम्याचा त्रास. मागच्या दिवाळीत ती आमच्या फाटकात येऊन उभी राहिली आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं बोलली. म्हणाली, माझा पोरगा चाळीस फुटी ट्रेलर उलटा घेतो, तुमच्या पाहुण्यांना एक गाडी सरळ लावता येत न्हाय व्हय? पाहुणे खोलीच्या दारातून बघत होते. सुनेचं तोंड एवढंसं झालं.

त्याच रात्री जेवताना मुलगा ते गवताचं बोलला. पट्ट्यावर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक टाकू, चार गाड्या आत राहतील, म्हणाला. तोवर तिथे माझी जुनीच लिली होती, नारिंगी, सगळीकडे असते ती. उन्हाळ्यात थोडे दिवस फुलते आणि मग पानं. म्हणजे गवत म्हणाला ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला लागलं.

मी म्हटलं, पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या जाती असतात. मी त्या लावते.

"कधी फुलतील पुन्हा?"

"पाऊस संपला की."

त्याने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या दिवाळीला पाहुणे येतील तेव्हा फुलं दिसली, तर मी पेव्हरचं नाव काढणार नाही, गाड्यांना दुसरीकडे जागा बघेन. नाही दिसली तर तू एक शब्द बोलायचा नाहीस."

आमचे हे त्या वेळी भातावर ताक ओतत होते. वर बघितलंसुद्धा नाही. मी हो म्हटलं.

आता हो म्हटलं खरं, पण मला त्यातलं फारसं काही येत नव्हतं. शाळा माझी सातवीपर्यंत, बाकी जे काही शिकले ते वाडीत आणि हल्ली फोनवर. दुपारी सगळे झोपले की मी चष्मा लावून बसायची. एक हिंदी बोलणारी बाई लिलीचे व्हिडिओ टाकते, तिचे सगळे बघितले. तिच्याकडून कळलं की एक फूल एकच दिवस टिकतं, सकाळी उमललं की संध्याकाळी मिटलं. पण एका दांड्यावर बऱ्याच कळ्या असतात, त्या एकामागून एक येतात. आणि पुन्हा फुलणारी जात म्हणजे पहिला दांडा वाळून गेल्यावर त्याच कंदातून दुसरा दांडा काढणारी. मला तो दुसरा दांडा हवा होता. बाकी रंगबिंग नंतर.

अजून एक गोष्ट तिने सांगितली, ती मी पक्की धरून ठेवली. काही जाती थंडीत पानं टाकून झोपी जातात, आणि ती झोप त्यांना लागतेच. झोप मिळाली नाही तर पुढच्या वर्षी धड फुलत नाहीत. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पायांवर ओढायची एक चादर. तेव्हा झोपणारी जात आपल्या कामाची नाही. बारमाही हिरवी राहणारीच हवी.

अलिबागच्या रस्त्याला एक नर्सरी आहे, तिथे सुनेला घेऊन गेले. मालकाने पहिल्यांदा पुढे केली ती एक बुटकी सोनेरी जात. सगळ्या जगात हीच खपते म्हणाला. मी विचारलं, ही थंडीत पानं टाकते का? तो म्हणाला, टाकते थोडी, पण आजी, फोटो बघा. मी म्हटलं फोटो नको, कुंड्या दाखव. मग मी खाली बसले आणि एकेक कुंडी फिरवून बघायला लागले. मला एवढंच बघायचं होतं की जुन्या वाळक्या दांड्याचा खुंट आहे आणि त्याच्या शेजारी कोवळा हिरवा दांडा वर येतोय, अशी कुंडी कुठली. ज्या झाडाने इथल्या हवेत दुसरा दांडा काढलाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा, चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यावर नाही.

मालक कंटाळला. "आजी, भाजी निवडताय का?"

मी म्हटलं, "भाजी चुकली तर एक जेवण जातं. हे चुकलं तर माझं अंगण जाईल."

तो हसला नाही, सून हसली. त्या दिवशी ती माझ्या बाजूने होती की मुलाच्या, मला आजही सांगता येणार नाही. तीही बहुतेक तेच ठरवत होती.

अशा तऱ्हेने दोन जाती निघाल्या. एक फिकट पिवळी, ताकात हळद घातल्यासारखी. दिसायला साधी, पण तिच्या जवळजवळ प्रत्येक कुंडीत जुना आणि नवा दांडा शेजारी शेजारी. दुसरी अबोलीच्या रंगाची, पाकळीच्या कडेला झालर, गळ्यात हिरवट झाक. ती बघितली आणि माझा जीव तिच्यावर बसला. तिच्या दोनच कुंड्यांत दुसरा दांडा होता, पण मी मनाची समजूत घातली की बाकीच्या लहान असतील. सुनेला एक गडद मरून रंगाची आवडली. गडद रंग आमच्या उन्हात करपतो हे मला माहीत होतं, पण तिने काहीतरी मागितलं होतं, तीही घेतली.

लावताना फिकट पिवळी विहिरीकडे लावली, तिथून फाटकापर्यंत अबोली, आणि मरून घराच्या भिंतीशी, दुपारची सावली पडते तिथे. वाफा वीतभर उंच केला, दगड रचून, कारण आमच्या पावसात लिलीच्या कंदाशी पाणी साचलं की तो कुजून त्याचा लगदा होतो.

उन्हाळ्यात पहिला बहर आला. काय सांगू, सकाळी चहाचा कप घेऊन लोक वाफ्याशीच उभे. अबोली रंगाची तर अशी फुलली की पाहुण्यांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले. मी रोज मिटलेली फुलं खुडून टाकायची, बी धरू द्यायची नाही, म्हणजे झाडाची ताकद दुसऱ्या दांड्यासाठी राहते. मुलगा कामाला निघताना थांबला, बघितलं, आणि म्हणाला, "पहिल्यांदा तर जुनीपण फुलत होती, आई." आणि गेला.

पाऊस लागला आणि मरून जात पहिली गेली. ज्या भिंतीची मी तिला सावली दिली, त्याच भिंतीवरच्या छपराच्या पागोळ्या थेट तिच्या कंदावर. मी खोऱ्याने पाट काढून दिला, वर नारळाच्या झावळ्या आडव्या लावल्या, तरी ओढलं की पानं हातात यायची, आणि खाली वास. सून म्हणाली, जाऊ द्या आई. मला तिच्या आवाजावरून वाटलं, ती फक्त त्या झाडाबद्दल बोलत नव्हती. श्रावणात पेव्हरवाला येऊन पट्टा मोजून गेला. मुलगा म्हणाला, नुसतं मोजून ठेवतोय, दिवाळीत माणसं मिळत नाहीत. काही दिवसांनी फाटकाबाहेर पेव्हरच्या थप्प्या येऊन पडल्या. मी रोज त्यांच्या बाजूने जायची-यायची आणि त्यांच्याकडे बघायची नाही.

गणपती झाले आणि मी तळा गावी माहेरी गेले, बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. थोड्या दिवसांनी परत आले तर फाटकाजवळच वाफ्यात तीन मांजरं, बसून माती उकरतायत. हाकलली तर परत आली. पानं बघितली, तर अशी जाड, काळपट हिरवी, मागे मी कधी पाहिली नव्हती. आणि दांडा एकही नाही. पानांची टोकं मात्र तपकिरी, पेटत्या काडीने चटका दिल्यासारखी. वाकून माती नाकाशी धरली. सुक्या मासळीचा वास.

आता आमच्याकडे नारळाला पाऊस ओसरताना सुक्या मासळीचं खत घालतात आणि वर मीठ. आळ्यात मूठमूठ मीठ. नारळ त्याच्यावर पोसतो, बाहेरच्यांना ते खरं वाटत नाही. पण ते नारळाला. हे मागच्या पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"तुम्ही लिलीला नारळाचं खत घातलंत?"

"घातलं."

"मीठपण?"

अडकित्ता थांबला. "नारळाबरोबर हातासरशी घातलं. तुजं फुलावं म्हणून घातलं. वर्षभर बघतोय, तू झोपत न्हायस."

चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या फुलाला पाणी घातलेलं मला आठवत नाही. आणि घातलं ते हे. मला ओरडायचं होतं. इतकं खत मिळालं की लिली पानंच वाढवते, फुलायचं विसरते, आणि मीठ मुळं जाळतं. दिवाळी जवळ आलेली. मी पदर खोचला आणि वाफ्यात उतरले. वरची माती हाताने खरवडून टोपल्यात भरली. मागे पावलं वाजली, बघते तर हे दुसरी टोपली घेऊन आलेले. दोघांनी मिळून माती काढली, नारळाखाली नेऊन टाकली. मग विहिरीचा पंप लावून वाफ्यात पाणी सोडलं, मीठ धुऊन जाईपर्यंत. पाणी विहिरीकडून फाटकाकडे उतरतं, तेव्हा पिवळीला स्वच्छ पाणी आधी मिळालं आणि अबोलीला पिवळीचं खारं. हे मला तेव्हा दिसत होतं, पण उतार काय मी बदलणार होते?

मुलाने सगळं बघितलं. आपल्याच बापाने केलं, तेव्हा दोष कुणाला देणार? फक्त म्हणाला, "दिवाळी म्हणजे दिवाळी, आई." मी म्हटलं मी कुठे मुदत मागितली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी वाफ्यात. पानांची जुडी दोन बोटांनी उघडायची आणि मधे बघायचं. दांडा येतो तेव्हा आधी पानांच्या मधोमध एक चपटं हिरवं टोक दिसतं, पानापेक्षा जाड. अबोलीत रोज शोधलं, पान, पान, पुन्हा पान. सून फराळाची तयारी करता करता खिडकीतून विचारायची नाही, पण बघायची. चकलीचा सोऱ्या हातात धरून बघत उभी राहायची.

वसुबारसेच्या आसपास पिवळीत टोक दिसलं. विहिरीकडच्या कोपऱ्यात. मग शेजारच्या झाडात एक. मी कुणालाही सांगितलं नाही. नुसतं टोक म्हणजे फूल नव्हे, आणि पैज फुलाची होती. दांडा चढत गेला, कळ्या फुगल्या. लक्ष्मीपूजनाला पाहुणे आले, दोन्ही खोल्या भरल्या, दोन गाड्या बोळात लागल्या, आणि माझ्या कळ्या मिटलेल्याच.

पाडव्याच्या सकाळी उमलल्या. तीन फुलं. फिकट, साधी, ताकात हळद. मी मुलाला हाक मारली नाही, तो स्वतःच दात घासत बाहेर आला आणि थांबला. मग चूळ भरून आला आणि म्हणाला, "ठीक आहे. तू जिंकलीस. दुपारी पेव्हरवाल्याला फोन करतो, उचलून नेईल." तेवढं बोलून रेवदंड्याला मासळी आणायला गेला. मी आत जाऊन देवापुढे बसले. निरांजनात वात ठेवली, तूप घातलं.

निरांजन लागायच्या आधीच शेजारणीची हाक आली. ओरडणं नव्हतं, नुसती हाक, आणि त्याच्याने मी जास्त घाबरले. तिच्या सासऱ्याचा दम वाढला होता. नातेवाइकांची व्हॅन तिच्या दारात होती, म्हाताऱ्याला आत बसवलं होतं, अलिबागला न्यायचं होतं. आणि पुढे बोळात आमच्या दोन गाड्या, एकामागे एक. त्यांच्याही पलीकडे, बोळाच्या तोंडाशी, तिसरी गाडी नुकतीच आत शिरलेली, सणाचे पाहुणे कुणाचे तरी, आणि तिच्यामागे मुख्य रस्त्यावर देवळाची गर्दी. सगळ्यांना मागे घेत बसायचं म्हणजे किती वेळ गेला असता देव जाणे. व्हॅनच्या खिडकीतून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता, पिठाच्या चाळणीसारखा.

आमच्या गाड्यांचे मालक चाव्या घेऊन धावत आले. तरुण मुलं, भली. पण कुठे घेऊ, कुठे घेऊ करत उभी.

मी फाटकाची दोन्ही दारं उघडली.

"आत घ्या."

पहिल्या मुलाने आत डोकावलं. "आजी, इथे फुलं आहेत."

"दिसतात मला. घ्या."

त्याने गाडी वळवली. वाफ्याचे दगड चाकाखाली ढळले, आवाज झाला. अबोलीची ती जाडजूड पानं गेली, मग मधला भाग, मग दुसरी गाडी तिच्या मागे. पहिली पुढे सरकली ती विहिरीच्या अलीकडे, पिवळीशी येऊन थांबली. मागची तिसरी गाडी आमच्या फाटकात अर्धी शिरून थांबली आणि व्हॅन तिच्या कडेने निघाली, आरसा गडग्याला घासत. शेजारीण मागच्या सीटवर सासऱ्याला धरून बसलेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं. बोलायची वेळ नव्हती.

म्हातारा वाचला. दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवला आणि भाऊबीज झाल्यावर घरी आला. ते चांगलंच झालं. पण त्या सकाळी मला चांगलं वाटलं असं मी लिहिणार नाही, कारण वाटलं नव्हतं. मी पायरीवर बसले आणि मला राग आला होता. गाड्यांचा, पाहुण्यांचा, म्हाताऱ्याच्या दम्याचासुद्धा. वर्षभर मी म्हणत होते की गाड्यांना बोळ पुरतो. माझ्या हट्टासाठी पुरतो म्हणत होते.

मुलगा मासळीची पिशवी घेऊन आला. सुनेने त्याला फाटकातच सगळं सांगितलं. तो वाफ्याकडे बघत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "पैज तू जिंकलीस, आई. वाफा पुन्हा बांधून देतो. मी शब्द फिरवणार नाही."

हे त्याने मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच जास्त कठीण गेलं. गप्प बसले असते तर वाफा मला मिळाला असता.

मी म्हटलं, "पेव्हर घाल."

"आई."

"घाल म्हटलं ना. रागाने नाही सांगत." तेवढं मात्र खोटं होतं.

तो विहिरीपर्यंत चालत गेला. धुण्याचा दगड आणि गडगा यांच्या मधे एक चिंचोळी जागा आहे, तिथे गाडी जात नाही. हातांनी मोजून म्हणाला, एक ओळ बसेल. एकच. मग त्याने विचारलं, "कुठली काढू?"

अबोलीचे कंद जमिनीत शाबूत होते, पानं चिरडली तरी कंद जगतो. उन्हाळ्यात ती जशी फुलली होती तसं माझ्या दारात आजवर काही फुललं नव्हतं. सून दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटतं मी अबोली म्हणाले असते तर कुणी हसलं नसतं.

"पिवळी," मी म्हटलं. "विहिरीकडची. मुळं तोडू नकोस, बाजूने खण."

हे कुदळ घेऊन आले होतेच, मुलाने ती त्यांच्या हातातून घेतली. बापलेक खणायला लागले. मी अबोलीकडे पाठ करून उभी राहिले आणि पिवळीची एकेक जुडी हातात घेऊन बघत गेले, कुठल्या कंदाने दांडा काढलाय आणि कुठल्याने नाही. ज्यांनी नाही काढला ते बाजूला टाकत गेले.